‘नजर कमी’ एवढे लिहून भागत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मोतीबिंदूची शिबिरे, काचबिंदू सप्ताह, नेत्रदान पंधरवडा यांच्या बातम्या आपल्या पत्रात नेमाने येतात. त्या वाचून लोक तपासणीला जातात, हे फार चांगले होते. पण तपासणी झाल्यावर रुग्णाच्या हातात जो कागद पडतो, त्याबद्दल कुणी फारसे लिहीत नाही. आम्ही मुंबईत नेत्रविभागांच्या नोंदी, विमा दाव्यांचे कागद आणि आजारांचे कोडिंग (प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावणे) याच कामात आहोत. त्या कागदावर काय असायला हवे आणि ते नसले की नेमके कुठे अडते, हे रुग्णांपुढे आणि डॉक्टरांपुढेही ठेवावे म्हणून हे पत्र. जागा जास्त लागेल, पण विषय तुकड्यांत सांगता येण्यासारखा नाही.

ओपीडीच्या केस पेपरवर सर्रास दिसणारी एक ओळ घ्या: ‘डीओव्ही बीई × ६/१२, ॲडव्हाइस कॅट सर्जरी’. डीओव्ही म्हणजे डिमिन्युशन ऑफ व्हिजन, नजर कमी होणे. बीई म्हणजे दोन्ही डोळे. शेवटी मोतीबिंदूच्या (कॅटरॅक्टच्या) शस्त्रक्रियेचा सल्ला. आता ‘६/१२’ म्हणजे काय? डॉक्टर तक्रारीचा काळ लिहिताना खाली १२ घालून महिने लिहितात आणि ५२ घालून आठवडे. त्या हिशेबाने ही सहा महिन्यांपासूनची तक्रार. पण नजरेच्या तक्त्यावर ६/१२ नावाची एक ओळही आहे: चांगल्या डोळ्याला जे अक्षर १२ मीटरवरून वाचता येते, ते या माणसाला ६ मीटरवर यावे लागले तेव्हा वाचता आले. लिहिणाऱ्याच्या मनात महिने होते आणि वाचणाऱ्याने नजर धरली. मग दावा तपासणारा विचारतो, दोन्ही डोळ्यांनी इतके चांगले दिसत असताना शस्त्रक्रिया का? खरी नजर त्या कागदावर कुठेच लिहिलेली नसते, त्यामुळे उत्तर द्यायला काही हाताशी उरत नाही. महिने लिहायचे तर ‘सहा महिने’ असे अक्षरी लिहावे. डोळ्यांच्या विभागात तरी बाराची ही खूण बंदच व्हायला हवी.

तसाच ‘ओडी’. डोळ्यांच्या लॅटिन लघुरूपांत ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र ओडी म्हणजे दिवसातून एकदा. काचबिंदूचा ‘१ थेंब ओडी’ दोन्ही डोळ्यांत रोज एकदा घालायचा की फक्त उजव्या? केमिस्टने एक अर्थ सांगितला, घरच्यांनी दुसरा घेतला, तर डाव्या डोळ्याचा दाब तीन-तीन महिने तसाच राहतो. ‘उजवा’ आणि ‘डावा’ हे शब्द मराठीत लिहायला कोणाचीही हरकत नाही.

आता कोडकडे वळू. आजारांना कोड देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेची. तिच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, डोळ्यांचे आजार एच०० ते एच५९ या गटात येतात आणि नजर कमी होणे किंवा जाणे एच५४ मध्ये. विमा दाव्याच्या अर्जाचा जो भाग रुग्णालय भरते, त्यात या कोडसाठी रकाने असतात: मुख्य निदान, सोबतचे निदान, इतर आजार. कोड लावणारा माणूस रुग्णाला पाहत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतो, आणि कागदावर नसलेले मनाने धरायचे नाही हा या कामाचा पहिला नियम. केस पेपरवर नुसते ‘नजर कमी’ असेल तर त्याला एच५४.९ लावण्यावाचून गत्यंतर नसते. त्याचा अर्थ, दृष्टिदोष आहे पण किती ते सांगितलेले नाही. ज्याला पायरीवरचा दगड दिसत नाही तो आणि ज्याला फक्त टीव्हीवरची अक्षरे पुसट दिसतात तो, दोघेही या एका कोडखाली जाऊन बसतात.

किती हे सांगायला पायऱ्या आहेत आणि त्या अवघड नाहीत. ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर ही पायरी ०. ६/१८ पेक्षा कमी, पण ६/६० पर्यंत, ही पायरी १, मध्यम दोष. ६/६० पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत, ही पायरी २, तीव्र दोष. ३/६० पेक्षा कमी झाली की अंधत्व सुरू होते: १/६० पर्यंत पायरी ३, त्याखाली नुसता उजेड कळण्यापर्यंत पायरी ४, आणि उजेडही कळत नसेल तर पायरी ५. पायरी ९ म्हणजे ठरवता आलेली नाही. दोन्ही डोळ्यांच्या पायऱ्या हाती असल्या की कोड आपोआप निघतो. दोन्ही डोळे ३ ते ५ मध्ये असतील तर एच५४.०, दोन्ही डोळ्यांनी मिळून तीव्र दोष असेल तर एच५४.१, मध्यम असेल तर एच५४.२, एकच डोळा अंध असेल तर एच५४.४.

यात घोळ होतो तो बोटे मोजण्याच्या नोंदीत. तक्त्यावरचे सर्वांत मोठे अक्षरही वाचता आले नाही की डॉक्टर बोटे दाखवून मोजायला सांगतात आणि कागदावर ‘एफसी’ लिहितात. किती अंतरावरून, ते राहून जाते. तीन मीटरवरून बोटे मोजली तर ढोबळमानाने ३/६०, ती पायरी २. एक मीटरवरून मोजली तर १/६०, ती पायरी ३, म्हणजे अंधत्व. अगदी चेहऱ्याजवळ मोजली तर पायरी ४. नुसत्या ‘एफसी’वरून यातले काहीच म्हणता येत नाही. ‘एफसी १ मी.’ लिहायला दोन सेकंद जास्त लागतात. त्याच न्यायाने ‘पीएल’ (उजेड कळतो का) एवढेच लिहून पुढची अधिक किंवा उणे खूण विसरली, की पायरी ४ आणि पायरी ५ यांतला फरक पुसला जातो.

मुंबईत आणखी एक गुंता आहे आणि तो इथल्या नोकऱ्यांमधून आलेला आहे. ऐरोली, अंधेरी, मालाड भागातल्या कार्यालयांत अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कोडिंग चालते. तिथे शिकलेली मुले-मुली पुढे इथल्या रुग्णालयांच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा दावे हाताळणाऱ्या टेबलावर, येतात. ती कामात चोख असतात, पण त्यांच्या हाताला सवय अमेरिकी पुस्तकाची, म्हणजे आयसीडी-१०-सीएमची. दोन्ही पुस्तकांत एच५४ आहे, अंकही तेच, अर्थ मात्र वेगळे. जागतिक पुस्तकात एच५४.१ म्हणजे दोन्ही डोळ्यांनी मिळून तीव्र दोष. अमेरिकी पुस्तकात एच५४.१ ने सुरू होणारे कोड म्हणजे एक डोळा अंध आणि दुसरा अधू. एच५४.३ तर पाहण्यासारखा आहे. जागतिक पुस्तकात त्याचा अर्थ दोष सौम्य किंवा नाहीच. अमेरिकी पुस्तकात त्याचा अर्थ दोन्ही डोळ्यांची नजर गेली आहे, फक्त पायरी लिहिलेली नाही. जो माणूस जवळजवळ अंध आहे, त्याच्या अर्जावर सवयीने हा कोड पडला आणि समोरच्याने जागतिक पुस्तक उघडले, की तो माणूस कागदोपत्री धडधाकट होतो. एच५४.८ हा ‘कायद्याने अंध’ असा कोड तर फक्त अमेरिकेचा आहे, तिथल्या २०/२०० च्या (म्हणजे आपल्या ६/६० च्या) व्याख्येसाठी केलेला. इथल्या कागदावर त्याला जागा नाही. प्रत्येक टीपीए डेस्कवर कोणते पुस्तक वापरायचे ते ठळक लिहून लावावे, आणि संगणकातल्या शोधपेटीत अमेरिकी यादी भरली आहे का ते एकदा तपासून घ्यावे. शोधून आलेल्या कोडमध्ये दशांशानंतर तीन-चार अंक दिसले की समजावे, यादी अमेरिकेची आहे.

अमेरिकी पुस्तकाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथे डोळ्याची बाजू कोडमध्येच असते. एच५४.१२१३ म्हणजे उजवा डोळा अधू, पायरी १, आणि डावा अंध, पायरी ३. जागतिक आयसीडी-१० मध्ये बाजू सांगणारा अंक नाही. मोतीबिंदूच्या एच२५.१ वरून उजवा की डावा ते कळत नाही. त्यामुळे आपल्याकडे बाजू शब्दांत लिहिणे दुप्पट गरजेचे आहे, आणि पूर्वपरवानगीचा अर्ज, संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड, बसवलेल्या लेन्सचे स्टिकर लावलेला कागद या पाचही ठिकाणी ती एकच असली पाहिजे. कॅशलेस दावा ऐनवेळी थांबतो तो पुष्कळदा इथे. पूर्वपरवानगी उजव्या डोळ्याची, डिस्चार्ज कार्ड आधीच्या महिन्यातल्या डाव्या डोळ्याच्या कार्डावरून उतरवलेले, आणि त्यात बाजू बदलायची राहिलेली. घरी निघण्याआधी नातेवाइकांनी ही एक गोष्ट स्वतः वाचून घ्यावी.

कारण माहीत असेल तर एच५४ हा कोड सहसा मुख्य निदान म्हणून लावायचा नसतो, हेही इथे सांगायला हवे. नजर गेली हा परिणाम झाला; कारण आधी लिहायचे. वयामुळे झालेला मोतीबिंदू असेल तर एच२५, काचबिंदू असेल तर एच४०, पडदा सुटला असेल तर एच३३, दृष्टिनस सुकली असेल तर एच४७.२. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल तर जोडीने दोन कोड लागतात: मूळ आजाराचा ई११.३, त्यावर खंजिराची खूण, आणि डोळ्याचा एच३६.०, त्यावर तारा. पण हे लावायला डॉक्टरने ‘टाइप २ मधुमेहामुळे’ असे कारण जोडून लिहिलेले हवे. एका ओळीत ‘डीएम’ (मधुमेह) आणि तीन ओळी सोडून ‘रेटिनोपॅथी’ (पडद्याची खराबी) असे असेल, तर दोन्हींचा संबंध कोड लावणाऱ्याने आपल्या मनाने जोडावा का, यावर वाद होतो आणि फाइल परत येते. पडद्याला सूज आहे की नाही, नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत की नाही, कोणत्या डोळ्यात काय, हेही त्याच ओळीत असावे. डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांचे दावे विशेष करून यावर अवलंबून असतात. २०१९ पासून विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत ही इंजेक्शने आहेत, तरी फाइलमध्ये कोणता डोळा, कोणते औषध, कितवे इंजेक्शन, त्या दिवशीची नजर आणि ओसीटीवर (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर) पडद्याच्या मध्याची जाडी किती मायक्रॉन हे नसेल तर ‘गरज सिद्ध होत नाही’ असा शेरा बसतो. शेरा मारणाऱ्याशी भांडून उपयोग होत नाही, कारण गरज खरोखरच कागदावर सिद्ध झालेली नसते.

‘अचानक’ की ‘हळूहळू’ हा एक शब्दही फार मोलाचा आहे. अचानक नजर जाण्याला एच५३.१ गटात जागा आहे, आणि काही मिनिटांसाठी जाऊन परत आली तर तो प्रकार मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या जी४५.३ मध्ये जातो. पडद्याची मुख्य धमनी बंद पडली असेल तर एच३४.१, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. शेवटचे नीट कधी दिसले होते ते घड्याळाच्या वेळेसह लिहावे: ‘काल रात्री ९ वाजता ठीक, आज सकाळी ६ वाजता उजव्या डोळ्याने काही दिसत नाही’. ‘दोन दिवसांपासून नजर कमी’ या ओळीवरून इमर्जन्सी होती की नव्हती हे नंतर कोणालाच ठरवता येत नाही.

आता चष्म्याचा प्रश्न, कारण सर्वांत मोठी गफलत तिथे होते. आयसीडी-१० च्या जागतिक व्याख्येत नजर मोजायची ती माणूस ज्या अवस्थेत आला आहे त्या अवस्थेत: चष्मा लावून आला असेल तर चष्म्यासह, नसेल तर तशीच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मात्र चांगल्या डोळ्याची शक्य तितक्या चांगल्या चष्म्यासह मोजलेली नजर मागतो. म्हणजे एकाच माणसाचे एकाच दिवशीचे दोन आकडे लागतात. जाड नंबरचा चष्मा घरी विसरून आलेल्याची नजर ४/६० असू शकते आणि योग्य नंबर लावल्यावर ६/९. कागदावर ‘४/६०’ एवढेच असेल तर दिव्यांगत्वाच्या तपासणीत तो कागद निरुपयोगी. प्रत्येक डोळ्यासमोर तीन आकडे असावेत: विनाचष्मा, चष्म्यासह, पिनहोलमधून (बारीक छिद्राच्या चकतीतून). पिनहोलमधून नजर सुधारली तर दोष बहुधा नंबरचा आहे. सुधारली नाही, तर शोध मोतीबिंदू, पडदा, नस यांच्याकडे वळवायचा. एका मिनिटाची ही तपासणी गर्दीच्या ओपीडीत वगळली जाते. निवासी डॉक्टरांवरचा ताण आम्हाला रोज दिसतो, म्हणून हा रकाना ऑप्टोमेट्रिस्टने (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्याने) किंवा नेत्रसहायकाने रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचण्याआधीच भरावा, असे आम्हाला वाटते.

एका ओळीच्या चुकीने काय होते ते केंद्र सरकारच्या दिव्यांगत्व मोजण्याच्या कोष्टकात दिसते. समजा, एका माणसाच्या डाव्या डोळ्याची नजर १/६० आहे. उजव्या डोळ्याची चष्म्यासह नजर ६/१८ लिहिली तर त्याचे दिव्यांगत्व ३० टक्के. ६/२४ लिहिली तर ६० टक्के. तक्त्यावर या दोन ओळी एकाखाली एक आहेत. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात, म्हणजे सरकारी नोकरीतले आरक्षण आणि बरेच काही या एका ओळीवर ठरते. वरच्या टोकालाही तसेच. चांगल्या डोळ्याची नजर ६/६० पेक्षा कमी ते ३/६० या टप्प्यात आणि दुसऱ्याचीही त्याच टप्प्यात असेल तर ७० टक्के. दुसऱ्याची ३/६० च्या खाली गेली तर ८०. आणि ८० टक्क्यांना जुन्या करप्रणालीत दिव्यांग करदात्याला मिळणारी प्राप्तिकरातली वजावट ७५ हजारांवरून सव्वा लाखावर जाते. ‘६/१८ पी’ असे लिहून मोकळे होण्याची सवय म्हणून घातक आहे. ‘पी’ म्हणजे ओळीतली काही अक्षरे वाचली, काही नाही. किती वाचली ते आकड्याने लिहावे, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या सोयीने त्याचा अर्थ लावतो.

हीच ओळ चुकण्याचे एक कारण मुंबईच्या खोल्यांमध्ये आहे. ६ मीटर लांबीची मोकळी जागा इथे कुठल्या दवाखान्यात मिळते? म्हणून ३ मीटरच्या खोलीत समोर आरसा लावून अंतर दुप्पट करतात, आणि त्यासाठी उलट्या अक्षरांचा तक्ता वापरतात. रंगकामात, फर्निचर हलवताना आरसा निघतो, साधा तक्ता समोरच्या भिंतीवर येतो आणि खुर्ची तिथेच राहते. आता तीच माणसे ३ मीटरवरून तक्ता वाचतात आणि आकडे ६ मीटरचे लिहिले जातात. ‘६/१२’ म्हणून नोंदलेली नजर खरी ३/१२, म्हणजे ६/२४ असते. वरच्या उदाहरणातल्या माणसाचे ६० टक्के इथेच ३० होतात. पडताळा सोपा आहे. मोजपट्टी घ्या. ६ मीटरसाठीच्या तक्त्यावर ६/६० चे अक्षर ८७ मिलिमीटरच्या आसपास उंच असते, ६/६ चे पावणेनऊ मिलिमीटर. अक्षर एवढे असेल तर डोळ्यापासून तक्त्यापर्यंतचा प्रकाशाचा मार्ग आरशासह ६ मीटर भरला पाहिजे. हल्ली तक्ता स्क्रीनवर असतो. स्क्रीन बदलला किंवा सॉफ्टवेअर नव्याने घातले की अक्षरांचे माप बिघडते, आणि आत अंतराची सेटिंग काय आहे ते कोणी उघडून पाहत नाही. तिथेही हीच मोजपट्टी चालते. आणि तक्ता कोणता वापरला तेही लिहावे. मराठी शाळेत शिकलेल्या आजींना इंग्रजी अक्षरांचा तक्ता दाखवून ‘वाचत नाहीत’ असे लिहिले, तर ती नोंद नजरेची झालीच नाही. देवनागरी तक्ते आहेत, अक्षरओळख नसलेल्यांसाठी ‘ई’ची दिशा सांगायचा तक्ता आहे.

काचबिंदूच्या आणि रातांधळेपणाच्या काही रुग्णांत समोरचे अक्षर ६/६ वाचले जाते, पण बाजूचे काहीच दिसत नाही. नळीतून पाहिल्यासारखे. लोकलच्या दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसतो, फलाट आणि गाडी यांच्यातली फट दिसत नाही. याच्या कागदावर ‘६/६ दोन्ही डोळे’ एवढेच लिहिले तर तो पायरी ० मध्ये जातो. वास्तविक चांगल्या डोळ्याचे दृष्टिक्षेत्र मध्यबिंदूभोवती १० अंश त्रिज्येपलीकडे जात नसेल, तर जागतिक व्याख्येत अक्षर कितीही चांगले वाचले तरी तो पायरी ३ मध्ये, म्हणजे अंध गणला जातो. आपला कायदाही १० अंशांपेक्षा कमी क्षेत्राला अंधत्व आणि १० ते ४० अंशांना अल्पदृष्टी मानतो. इथे एक शब्द नेहमी सुटतो: त्रिज्या की व्यास. अमेरिकी कायदा २० अंशांचा व्यास मोजतो, जागतिक व्याख्या १० अंशांची त्रिज्या. दोन्ही एकच वर्तुळ. ‘क्षेत्र २० अंश’ असे नुसते लिहिले तर अर्थ दुपटीने बदलतो. शिवाय काचबिंदूत नेहमी करतात ती २४-२ चाचणी मध्यापासून साधारण २४ अंशांपर्यंतच बघते. ४० अंशांपर्यंतचे क्षेत्र किती उरले आहे, हे तिच्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी बाहेरचे क्षेत्र मोजणारी चाचणी लागते. छापील अहवालात किती पडताळण्यांपैकी किती वेळा नजर हलली याचा आकडा असतो. ते प्रमाण २० टक्क्यांवर असेल तर चाचणी पुन्हा करावी, कारण प्रमाणपत्राच्या वेळी तोच आकडा पहिल्यांदा पाहिला जातो.

लहान मुलांत तक्ता चालत नाही. तिथे नजर कशाने तपासली, मूल उजेडाकडे किंवा खेळण्याकडे पाहते का, ते वर्णन लिहावे. पायरी ठरवता येत नसेल तर ‘आज ठरवता आली नाही, अमुक महिन्यांनी पुन्हा’ असे स्पष्ट लिहिणे अंदाजी आकड्यापेक्षा बरे.

कागद टिकवण्याबद्दल दोन गोष्टी. चष्म्याचा नंबर काढणाऱ्या यंत्रातून जी गुळगुळीत चिठ्ठी निघते ती उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते. तिच्यावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात, आणि मुंबईच्या दमट हवेत प्लास्टिकला चिकटली की लवकरच. त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवावी. दुसरी गोष्ट शिबिरांच्या संगणकातल्या याद्यांची. एक्सेलमध्ये ६/९ टाइप केले की ती तारीख होते, ६/१२ चीही होते, आणि ६/६० चे जून १९६० होऊन बसते. पुढे कोणी तो रकाना साधा करायला गेला की पाच आकडी संख्या उरते. शेकडो माणसांची नजर अशी एका झटक्यात पुसली जाते आणि शिबिराच्या अहवालात ‘नोंद उपलब्ध नाही’ येते. उपाय इतकाच, की भरायला सुरुवात करण्याआधी पूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा. नंतर करून उपयोग नाही.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना एक सावधगिरी हवी. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाची अंधत्वाची रेषा २०१७ मध्ये ६/६० वरून ३/६० वर आणली गेली. त्याआधीच्या रजिस्टरात ‘अंध’ लिहिलेला माणूस आज ‘तीव्र दोष’ या पायरीत बसू शकतो, त्याची नजर सुधारलेली नसतानाही. आयसीडी-११ तर १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे आणि तिच्या ९डी९० या गटात ६/१२ पेक्षा कमी ते ६/१८ या नजरेला ‘सौम्य दोष’ अशी वेगळी जागा आहे. आज ज्या विभागात नुसते ‘६/१८ किंवा बरी’ लिहिले जाते, त्यांना उद्या हा फरक मागे जाऊन काढता येणार नाही. आकडाच लिहून ठेवला, तर पुस्तक कोणतेही आले तरी कोड काढता येतो.

रुग्णांनी काय करावे? ओपीडीतून बाहेर पडताना कागदावर आपल्या दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे आकडे आहेत का, कारणाचे नाव आहे का, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, एवढे पाहावे. नसेल तर तिथेच नम्रपणे विचारावे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करणाऱ्यांनी ‘सुधारणा शक्य’ की ‘कायम’ हा शेरा आवर्जून मागून घ्यावा. मोतीबिंदूसारखा उपचाराने बरा होणारा दोष कायमचा म्हणून प्रमाणित होत नाही, आणि हा शेरा नसला की तपासणीसाठी पुन्हा बोलावले जाते. गोवंडी किंवा मानखुर्दहून एका अंध माणसाला सोबतीसह परळपर्यंत आणायचे म्हणजे दोघांची एका दिवसाची मजुरी जाते.

आणि विभागांनी? नवीन सॉफ्टवेअर येईपर्यंत थांबायची गरज नाही. केस पेपरवर मारायचा एक रबरी शिक्का पुरेसा आहे, साधारण १० सेंटिमीटर रुंद, सहा ओळींचा:

उजवा: विनाचष्मा ___ चष्म्यासह ___ पिनहोल ___
डावा: विनाचष्मा ___ चष्म्यासह ___ पिनहोल ___
अंतर ___ मी., तक्ता ___ (बोटे मोजली तर किती मीटरवरून)
दृष्टिक्षेत्र, त्रिज्या अंशांत: उ. ___ डा. ___ चाचणी व तारीख ___
कारण: उ. ___ डा. ___ सुरुवात: अचानक / हळूहळू, केव्हापासून ___
सुधारणा शक्य / कायम. सही, नोंदणी क्रमांक, तारीख

पहिल्या तीन ओळी ऑप्टोमेट्रिस्टने भराव्यात, पुढच्या डॉक्टरने. रिकामी राहिलेली जागा रेघ मारून बंद करावी, म्हणजे ‘तपासले नाही’ आणि ‘लिहायचे राहिले’ यांतला फरक कळतो. शाई पाण्याने न पसरणारी घ्यावी, कारण जूननंतर बहुतेक केस पेपर भिजूनच येतात. आपण हा नमुना चौकटीत छापलात, तर ज्या विभागांना हवा आहे त्यांना तो कापून थेट शिक्केवाल्याकडे देता येईल.

आपले,
नेत्रविभागातील नोंदी व कोडिंगचे काम करणारे काही वाचक
मुंबई